चाकोरी सोडू नका!

"चाकोरीबाहेरचा विचार करा" हे वाक्य आपण पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभापासून प्लेसमेंटच्या सेमिनारपर्यंत किती वेळा ऐकतो याची गणती नाही. चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यात पडलेली खाच. एकदा पडली की मागून येणारी प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाते. विचारांच्या बाबतीत चाकोरी सोडणं चांगलं असेलही. पण गिअरची सायकल घेऊन जंगलात शिरणाऱ्यानं ती अजिबात सोडू नये, आणि नवी तर पाडूच नये. हे का, ते समजावून घेण्यासाठी हा लेख.

होस्टेलच्या सायकल स्टँडवर जाड टायरच्या, पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइक आता बऱ्याच दिसतात. शुक्रवारी सबमिशन संपलं की शनिवारी पहाटे एखादा घाट, एखादा किल्ला, एखादं पठार ठरलेलंच. सह्याद्रीतल्या रानवाटांचा मोठा भाग राखीव वन, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांपैकी कशात तरी येतो. "सायकल म्हणजे ना धूर, ना आवाज. तिच्यानं जंगलाचं काय बिघडणार?" असा आपला समज असतो. तो अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा तपासायला जे लागतं ते सगळं आपल्या सिलॅबसमध्येच आहे: माती, पाणी, घर्षण आणि न्यूटनचे नियम.

सुरुवात आणि भांडण

हा खेळ जिथे जन्मला तिथेच त्याचं पहिलं मोठं भांडणही झालं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमल्पायसच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली यायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली 'रिपॅक' शर्यत लावली. सुमारे २ मैलांत १३०० फूट उतार! त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा हबमधला ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं, म्हणजेच 'रिपॅक' करावं लागायचं. नाव पडलं ते त्यावरून.

आता हिशेब करून पाहा. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, उतार ३९६ मीटर. स्थितिज ऊर्जा होते सुमारे ३११ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येतं. काही ऊर्जा हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते हे धरलं तरी ग्रीस का जळायचं ते समजतं.

या मंडळींपैकी जो ब्रीझनं १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाचा धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजम्पर' बाजारात आली आणि खेळ जगभर पसरला. पण डोंगरावर फक्त सायकलवाले नव्हते. पायी फिरणारे होते, घोडेस्वार होते. वळणावरून अचानक सुसाट सायकल आली की घोडा बुजायचा, म्हातारी माणसं घाबरायची. परिणाम असा झाला की त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना दीर्घकाळ बंद राहिल्या. सायकली फक्त रुंद 'फायर रोड'वर, तेही ताशी १५ मैलांची मर्यादा पाळून, आणि आंधळ्या वळणावर ताशी ५ मैल! ज्या डोंगरावर खेळ जन्मला त्याच डोंगरावर ही वेळ आली. १९८८ मध्ये सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इम्बा' स्थापन झाली. खुल्या वाटांवरच चालवा, खुणा मागे ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, प्राण्यांना घाबरवू नका, पूर्वतयारीनं निघा, हे तिचे सहा नियम. दंडुक्याच्या भीतीनं नव्हे, तर वाटा हातातून जाऊ नयेत म्हणून स्वारांनी स्वतःच ते लावून घेतले.

माती, चाक आणि पाणी

मातीवर दाब कोणाचा जास्त, पायाचा की चाकाचा? ढोबळमानानं टायर जमिनीवर जो दाब देतो तो टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. ३० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल. ८० किलोचं वजन म्हणजे ७८५ न्यूटन. भागाकार केला की दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ येतं अवघं ३८ चौरस सेंटिमीटर. ६५ किलोचा माणूस चालताना बुटाची टाच आधी टेकवतो. टाचेचं क्षेत्रफळ ३५ चौरस सेंटिमीटर धरलं तर दाब येतो सुमारे १८० किलोपास्कल. म्हणजे दोघंही जवळपास सारखेच!

मग फरक कुठे? फरक आहे आकारात. पायाचे ठसे सुटे सुटे पडतात. दोन ठशांच्या मध्ये माती शाबूत राहते, पाणी अडतं. चाकाची खूण मात्र सलग असते. ओल्या मातीत ती सलग खाच पडली की पहिल्या पावसात पाणी तिलाच ओढा समजतं. मॅनिंगचं सूत्र आठवा: प्रवाहाचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उतार चौपट झाला तर वेग दुप्पट. खाच खोल झाली की पाण्याची खोली वाढते, वेग आणखी वाढतो, तो आणखी माती नेतो, खाच आणखी खोल होते. कंट्रोल सिस्टिम्सवाले ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात तो हाच.

५ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर खोल आणि १०० मीटर लांब खाच म्हणजे १५० लिटर माती. घनता लिटरला दीड किलो धरली तर सव्वादोनशे किलो. एका रविवारच्या एका चाकोरीतून एवढी माती सुटी होते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो पुढचं काम कसं करेल ते सांगायला नको.

म्हणूनच वाटा आखणारे 'अर्ध्याचा नियम' पाळतात: पायवाटेचा उतार डोंगरउताराच्या अर्ध्याहून जास्त नसावा. डोंगरउतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. तेव्हाच पाणी वाटेला आडवं ओलांडून जातं, वाटेवरून धावत सुटत नाही. आपल्या जुन्या घाटवाटा पाहा. ओझ्याचे बैल चढवायचे म्हणून त्या नागमोडी काढलेल्या. आणि आपण काय करतो? दोन वळणांच्या मधून सरळ खाली 'शॉर्टकट' मारतो! तो शॉर्टकट म्हणजे पाण्यासाठी आपण बांधून दिलेलं गटारच.

ब्रेकचं गणित

चाक फिरत असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो. तो माती दाबतो, पण खरवडत नाही. ब्रेक करकचून दाबून चाक लॉक झालं की तोच टायर खरवडणी होतो. स्किड मारताना उडालेली माती फोटोत छान दिसते. पण तो डोंगराचा सगळ्यात वरचा, मुळं धरून ठेवणारा थर असतो.

मागचंच चाक लवकर का लॉक होतं? ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. सरकणारं वजन = वस्तुमान × मंदन × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन चाकांमधलं अंतर. वस्तुमान ८० किलो, मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट, उंची १.१ मीटर, अंतर १.०५ मीटर धरा. उत्तर येतं सुमारे ३२९ न्यूटन. उभ्या सायकलच्या मागच्या चाकावर एकूण वजनाच्या ५५ टक्के, म्हणजे ४३२ न्यूटन होते. उरले फक्त १०३, म्हणजे जेमतेम साडेदहा किलो! एवढ्याशा वजनाचं चाक लॉक व्हायला कितीसा ब्रेक लागणार? आणि हा हिशेब सपाटीचा. उतारावर तर वजन आधीच पुढे आलेलं असतं.

तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र, एका-एका बोटानं, हळूहळू दाबायचे. बूड सीटच्या मागे आणि खाली न्यायचं, म्हणजे मागच्या चाकावर वजन राहतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नव्हे. एवढं करूनही चाक घसरतच असेल तर सरळ उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. त्यात कमीपणा काही नाही.

त्या १५ आणि ५ मैलांचं कोडंही इथेच सुटतं. ताशी १५ मैल म्हणजे २४ किमी, सेकंदाला ६.७ मीटर. प्रतिक्रियेला एक सेकंद धरला आणि नंतर वरच्याच मंदनानं ब्रेक लावला तर थांबायला सुमारे १२ मीटर लागतात. ताशी ५ मैलांना ३ मीटरसुद्धा लागत नाहीत. ताशी ४० किमीला मात्र २७ मीटर! कारवीच्या रानात वळणापुढचं १० मीटरही दिसत नाही. नियम सोपा: जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. समोरूनही कोणी तरी येत असतं, उरलेलं निम्मं अंतर त्याचं.

संशोधन काय सांगतं?

सायकलवाल्यांना उगाच झोडपायचं कारण नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायी माणसं, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली गेली. ओल्या केलेल्या वाटेवर चाकांपेक्षा पायांनी आणि टापांनीच जास्त माती सुटी झाली. कॅनडात ओंटारिओमधल्या बॉइन व्हॅली उद्यानात केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंगलाच्या जमिनीवरून ५०० पर्यंत फेऱ्या मारून पाहिल्या. झाडोरा आणि माती यांवर पायी चालण्याचा आणि सायकलचा परिणाम जवळपास सारखाच निघाला.

प्राण्यांचंही तसंच. युटा राज्यातल्या अँटिलोप आयलंडवरचा अभ्यास २००३ चा. बायसन, म्यूल हरीण आणि प्राँगहॉर्न यांच्या लेखी पायी माणूस आणि सायकलवाला यांत फार फरक नव्हता. पण वाटेवरून जाणाऱ्या माणसापासून १०० मीटरच्या आत असलेली म्यूल हरणं पळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होती, आणि माणूस वाट सोडून चालला तर तीच ९६ टक्के. वाटेवर येणारी माणसं प्राण्यांनाही सवयीची होतात. वाट सोडलेला माणूस म्हणजे धोका!

म्हणजे निष्कर्ष काय? चाक पायापेक्षा वाईट नाही. पण ते वाटेवर, घसरू न देता फिरवलं तरच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पायी ट्रेकला आपण दिवसात १५ किमी जातो, सायकलवर ४०. किलोमीटरमागे नुकसान सारखं असलं तरी दिवसामागे ते अडीचपटीहून जास्त होतं.

पावसाळ्याचा पेच

इथे खरी अडचण आहे. सह्याद्रीत जावंसं वाटतं ते पावसाळ्यात, आणि मातीवर चाक घालायला सगळ्यात वाईट काळही तोच.

कासचं पठार घ्या. साताऱ्याहून सुमारे २५ किमी. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात कासही आहे. महाराष्ट्रातली कोयना, चांदोली आणि राधानगरी ही बाकीची तीन ठिकाणं. वर जांभा खडक, त्यावर मातीचा अगदी पातळ थर. ही माती इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे खाऊन नायट्रोजनची गरज भागवतात. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी इथलीच. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा फुलांचा बहर, आणि तेव्हाच जमीन पाण्यानं थबथबलेली. त्या थरावर एक स्किड मारली की खाली थेट दगड. तो थर पुन्हा साचायला आपली चार वर्षांची डिग्री कितीही एटीकेटी धरली तरी पुरायची नाही. नुसत्या पायी येणाऱ्या गर्दीनंही इतकं नुकसान व्हायला लागलं की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

मग पावसाळ्यात सायकल गंजत ठेवायची का? मुळीच नाही. पावसाळा डांबरी घाटरस्त्यांचा. साताऱ्याहून कासला जाणारा घाट सायकलवर चढून बघा, मांड्या बोलायला लागतात की नाही! मातीच्या वाटा मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. त्यापुढे गवत वाळतं आणि वणव्यांचे दिवस येतात. तेव्हा काडीपेटी, विडी-सिगारेट आणि चुलीवरचा चहा हे सगळं घरी.

जमीन चाकाजोगी आहे का हे कसं ओळखायचं? टायरची नुसती नक्षी उमटत असेल तर चालेल. खाच पडत असेल, किंवा चाकाला माती थापून बसत असेल, तर परत फिरा. वाटेत एखादंच डबकं असेल तर त्याला वळसा न घालता मधूनच सायकल ढकलत न्या. प्रत्येकजण वळसा घालायला लागला की दोन फुटांची वाट आठ फुटांची होते.

जनावरं आणि माणसं

पायी चालणारा गट गप्पा मारत येतो, जनावराला आधीच चाहूल लागते. सायकल वेगात आणि गुपचूप येते. गवा, अस्वल किंवा पिल्लं घेऊन निघालेली रानडुकरीण वळणावर अचानक दहा फुटांवर भेटणं दोघांनाही परवडणारं नाही. वळणाआधी घंटी वाजवा. गवा दिसला तर लांबच थांबा, तो जाईपर्यंत जागचे हलू नका. बिबट्या दिसला तर सुसाट पळ काढू नका, पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव. उतरून सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरा आणि पाठ न दाखवता सावकाश मागे सरका. पहाटेचा अंधार आणि संध्याकाळ ही त्यांची वेळ. तेव्हा आपण जंगलाबाहेर असलेलं बरं. गाण्यांचा स्पीकर तर नकोच.

आणि ती वाट काही आपल्या गंमतीसाठी पडलेली नाही. डोक्यावर मोळी घेतलेली मावशी, गुरांमागचा पोरगा, दूध घालायला निघालेले मामा यांची ती रोजची वाट. त्यांना आधी वाट द्यायची, उतरून बाजूला उभं राहायचं. "मामा, पुढं सायकल जाईल का?" असं विचारलंत तर नकाशात नसलेलं बरंच काही कळतं. दोन सायकलस्वार समोरासमोर आले तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, कारण चढावर थांबलं की पुन्हा सुरू करणं कठीण.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम २७ अभयारण्यातल्या प्रवेशावर बंधन घालतं. सार्वजनिक हमरस्त्यानं अभयारण्यातून जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. नीट वाचा: हमरस्त्यानं जाणाऱ्याला. त्या रस्त्यावरून उजवीकडे फुटणाऱ्या पायवाटेवर चाक वळवलं की सूट संपली. तिथे कलम २८ खालचा परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी तो मिळू शकतो. राष्ट्रीय उद्यानांना कलम ३५ नुसार हेच लागू होतं. नियम मोडले तर, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, कलम ५१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ आहेच.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घ्या. कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता वेगळा आणि आतल्या निसर्गवाटा वेगळ्या. रस्त्यावर सायकल चालते म्हणून पायवाटेवरही चालेल असं नाही. "आत बाकीच्यांच्या टायरचे ठसे होते" हा परवाना नव्हे!

निघण्याआधी

१. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात निदान पंधरा दिवस आधी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या. नावं, संख्या, वाट, तारीख, जाण्यायेण्याची वेळ लिहा. नकार आला तर वाद न घालता दुसरी वाट विचारा.

२. गट सहा-सात जणांचाच ठेवा. जास्त असतील तर दोन गट, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर.

३. आदल्या दिवशी सायकल धुवा. टायरच्या खाचांमधल्या मातीतून घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांचं बी एका जंगलातून दुसऱ्यात जातं. परत आल्यावरही धुवा.

४. चेनला तेल लावून जादाचं फडक्यानं पुसून घ्या. नाहीतर ते ओढ्यात उतरतं.

५. टायरची हवा थोडी कमी ठेवा, पण रिम आपटेल इतकी नाही. ब्रेकचे पॅड तपासा.

६. पंक्चरचं सामान, जुनी ट्यूब, बिस्किटाचे कागद, सगळं परत आणायचं. जंप बांधायला दगड हलवायचे नाहीत, फांद्या तोडायच्या नाहीत.

७. पडलेलं झाड आडवं आलं तर सायकल उचलून पलीकडे न्या. बाजूनं नवी वाट पाडू नका.

वॉर्डन सरांना आणि जिमखान्याला एक सुचवावंसं वाटतं. होस्टेलमधून निघणाऱ्या प्रत्येक सायकल सहलीसाठी नोंदवहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: वाट कोणती, परवानगी कोणाची, आणि आदल्या आठवड्यात तिथे पाऊस झाला का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर सहल रद्द करायची गरज नाही, फक्त ती डांबरी रस्त्यानं न्यायची.

मरीनच्या पोरांना वाटा बंद झाल्यावर नियम सुचले. आपल्याकडच्या वाटा अजून बऱ्याच उघड्या आहेत, आणि त्या उघड्या राहतील की नाही हे पुढच्या दोन-चार वर्षांत तिथे जाणारे ठरवतील. म्हणजे आपणच. बाकी कुठेही चाकोरी सोडा, मित्रांनो. जंगलात मात्र चाक वाटेवर आणि बोट ब्रेकवर!